‘व्हेस्टल’ची युद्धनोंद: पर्ल हार्बरनंतर या दुरुस्तीनौकेने नेमके काय केले?

प्रश्न — अजनीचा निवृत्त फिटर

सर्व जाणकारांना नमस्कार.

नागपूरच्या अजनी येथील विद्युत इंजिनांच्या शेडमध्ये अनेक वर्षे फिटर म्हणून काम करून मी निवृत्त झालो. समुद्र मी आयुष्यात दोनदाच पाहिला आहे आणि जहाजाच्या पोटात कधीच उतरलेलो नाही. तरीही यंदा ४ डिसेंबरच्या नौदल दिनानिमित्त आमच्या वस्तीतील वाचनालयात शाळकरी मुलांसमोर अर्धा तास बोलायचे मी कबूल केले आहे. तोफा आणि क्षेपणास्त्रे यांवर बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी माझ्या हाताला ओळखीचा विषय घेतला: लढाईत मोडलेल्या जहाजांना भर समुद्रात दुरुस्त करणारे जहाज.

वाचताना अमेरिकी नौदलाच्या ‘व्हेस्टल’चे नाव वारंवार समोर येते, परंतु ते ७ डिसेंबर १९४१ च्या, म्हणजे जपानने हवाई बेटांतील पर्ल हार्बर या अमेरिकी नौदलतळावर हल्ला केला त्या सकाळपुरतेच. ‘ॲरिझोना’ ही युद्धनौका उडाली तेव्हा तिच्या कुशीला बांधलेले जहाज, एवढाच तिचा उल्लेख होतो आणि पुढच्या परिच्छेदात लेखक मिडवेच्या लढाईकडे निघून जातो. मला त्या सकाळीनंतरचे हवे आहे. माझ्या शंका दोन आहेत.

पहिली शंका कामाच्या स्वरूपाची आहे. शेडमध्ये आम्ही चालू दुरुस्ती करत असू; इंजिनाची संपूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, जिला आम्ही पीओएच म्हणत असू, ती मोठ्या कारखान्यातच होत असे. जहाजांच्या बाबतीत असा मोठा कारखाना म्हणजे सुकी गोदी, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरड्यात उभे करण्याची जागा, असे मी समजतो. मग गोदी हजारो मैल दूर असताना, पाणरेषेखाली भोक पडलेली युद्धनौका ‘दुरुस्त केली’ असे नोंदीत लिहिलेले असते, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ किती घ्यायचा?

दुसरी शंका अशी, की त्याच सकाळी व्हेस्टलवरही दोन बॉम्ब पडले होते आणि तिला किनाऱ्याच्या उथळ पाण्यात नेऊन टेकवावे लागले होते. मग तिची दुरुस्ती कोणी केली, आणि ती पुन्हा कामाला कधी लागली?

उत्तर १ — धंतोलीचा वाचक

काका, आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर एका वाक्यात देता येते: व्हेस्टलची दुरुस्ती व्हेस्टलच्याच माणसांनी केली. हल्ल्यानंतर पर्ल हार्बरच्या गोदीत कामाची एवढी रीघ लागली होती की तिथे या जहाजाला जागा आणि माणसे मिळणे कठीण होते. तेव्हा तिच्या खलाशांनी आणि कारागिरांनी पाणरेषेखालील कप्प्यांत भरलेले तेल आणि पाणी स्वतः उपसले, जळालेली व मोडलेली कोठारे रिकामी केली, आणि मग बांधणीला हात घातला.

आता थोडे मागे जातो. हे जहाज दुरुस्तीसाठी बांधलेलेच नव्हते. न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत १९०८ मध्ये ते पाण्यात सोडले, तेव्हा ते आरमाराला कोळसा पुरवणारे जहाज होते आणि सुरुवातीची काही वर्षे त्यावर नागरी खलाशी काम करत. १९१२ मध्ये ते बोस्टनच्या नौदल गोदीत आणून त्याचे रूपांतर करण्यात आले आणि सप्टेंबर १९१३ मध्ये ते दुरुस्तीनौका म्हणून सेवेत आले. कोळशाच्या जहाजाचे पोट मोठे असते. कार्यशाळा मांडायला हीच जागा उपयोगी पडली. पहिल्या महायुद्धात तिने आयर्लंडमधील क्वीन्सटाउन येथे विनाशिकांची देखभाल केली, आणि १९२५ मध्ये बुडालेली ‘एस-५१’ ही पाणबुडी वर काढण्याच्या कामातही ती होती. प्राचीन रोममध्ये वेस्टा देवीचा अग्नी अखंड तेवत ठेवणाऱ्या कुमारिकांना वेस्टल म्हणत. ज्या जहाजावर भट्टी पेटती ठेवायची, त्याला हे नाव मला फार शोभून दिसते.

१९४१ च्या डिसेंबरात, म्हणजे पाण्यात उतरल्याला ३३ वर्षे झाली असताना, ती ॲरिझोनाच्या शेजारी उभी होती, तीही कामासाठीच. ६ ते १२ डिसेंबर या काळात ॲरिझोनाची नेहमीची देखभाल तिने करायची, असे ठरले होते. सकाळी आठच्या सुमारास हल्ला सुरू झाल्यावर काही मिनिटांतच तिला दोन बॉम्ब लागले. एक बॉम्ब तीन डेक भेदून पुढच्या भागातील सामानाच्या कोठारात फुटला. तिथे लागलेली आग दारूगोळ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून पुढची दारूगोळ्याची कोठारे पाण्याने भरावी लागली. दुसरा बॉम्ब सुतारशाळा आणि पत्राकामाची शाळा यांतून आरपार गेला आणि जहाजाच्या तळाला सुमारे पाच फूट व्यासाचे वेडेवाकडे भोक पाडून गेला. कारागिराच्या दृष्टीने हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या शाळेत दुसऱ्यांची जहाजे नीट करायची, तीच शाळा फुटली होती.

त्यानंतर ॲरिझोनाचा पुढचा दारूगोळा उडाला. त्या युद्धनौकेवर एकूण १,१७७ माणसे दगावली. स्फोटाच्या धक्क्याने व्हेस्टलच्या डेकवरील माणसे पाण्यात फेकली गेली, त्यांत तिचे कप्तान कमांडर कॅसिन यंग हेही होते. जहाज सोडून जाण्याचा हुकूम सुटला आणि माणसे उतरू लागली. एवढ्यात यंग जळत्या तेलाच्या पाण्यातून पोहत परत आले, त्यांनी तो हुकूम रद्द केला आणि जहाज हलवायला लावले. दोर तोडले गेले, एका टग बोटीने ओढून तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, आगीपासून दूर नेली, आणि ती एका बाजूला कलत व मागून बसत चालली आहे हे पाहून यंग यांनी दहाच्या सुमारास तिला आइएआ उपसागराच्या उथळ तळावर टेकवले. गोदीच्या वाटेत बुडून पडण्यापेक्षा चिखलात रुतून राहिलेले जहाज पुन्हा उठवता येते, हा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला. या कामगिरीबद्दल त्यांना अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

१२ ऑगस्ट १९४२ रोजी व्हेस्टल पर्ल हार्बर सोडून दक्षिण पॅसिफिकमधील टोंगाटाबू बेटाकडे निघाली. तिची खरी युद्धनोंद तिथून सुरू होते. टोंगाटाबूच्या साठ दिवसांत तिने ५८ जहाजे आणि किनाऱ्यावरील चार ठाणी यांची मिळून ९६३ कामे उरकली, आणि त्या जहाजांत ‘सॅराटोगा’ ही विमानवाहू नौका आणि ‘नॉर्थ कॅरोलायना’ व ‘साउथ डाकोटा’ या युद्धनौका होत्या. कामाच्या स्वरूपाविषयीच्या आपल्या पहिल्या शंकेवर लोखंडाशी रोजचा संबंध असणाऱ्या कोणी लिहिले तर बरे होईल.

उत्तर २ — हिंगण्याचा फॅब्रिकेटर

हिंगणा एमआयडीसीत माझा पत्राकाम आणि वेल्डिंगचा छोटा कारखाना आहे, आणि जुन्या जहाजांची दुरुस्ती कशी होत असे याचे वाचन मी गेली काही वर्षे आवडीने करत आहे. त्या बळावर लिहितो.

काका, आपण शेड आणि पीओएच यांत केलेला फरक इथे जसाच्या तसा लागू पडतो. नॉर्थ कॅरोलायनाचे उदाहरण घेऊ. १५ सप्टेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने तिच्या डाव्या बाजूला पाणरेषेखाली सुमारे ३२ फूट लांब आणि १८ फूट उंच भगदाड पडले. एवढे भगदाड समुद्रात उभ्या जहाजावर कायमचे बुजवता येत नाही, कारण आतल्या फ्रेमा वाकलेल्या असतात आणि त्या सरळ करायला किंवा बदलायला तळ कोरडा लागतो. दुरुस्तीनौकेचे काम असे, की ते जहाज स्वतःच्या यंत्रांवर, स्वतःच्या वेगाने आणि वादळ आले तरी न फुटता सुक्या गोदीपर्यंत पोहोचले पाहिजे. नॉर्थ कॅरोलायना टोंगाटाबूहून पर्ल हार्बरला गेली आणि तिथल्या गोदीत तिची पूर्ण दुरुस्ती झाली. प्रवाळाच्या खडकावर तळ घासलेली साउथ डाकोटाही त्याच वाटेने गेली. नोंदीतला ‘दुरुस्त’ हा शब्द अशा जहाजांपुरता तेवढ्याच अर्थाने वाचावा.

हे करण्याची रीत साधारण अशी असते. प्रथम जहाजातील तेल व पाणी एका टाकीतून दुसरीत फिरवून जहाज मुद्दाम उलट बाजूला कलवतात, म्हणजे भगदाडाचा जमेल तेवढा भाग पाण्यावर येतो. जो भाग वर येत नाही, तिथे पाणबुडे उतरतात; ते फाटलेल्या, दातेरी कडा पाण्याखाली चालणाऱ्या कटरने कापून काढतात आणि भगदाडाचे माप लाकडी पट्ट्यांच्या साच्यावर घेतात. जहाजाची कूस सपाट नसते, तिला दोन्ही दिशांनी गोलाई असते, त्यामुळे साचा नीट उतरला नाही तर वर शाळेत कितीही चांगला पत्रा वळवला तरी तो बसत नाही. पत्रा बसल्यावर आतले पाणी उपसायचे, आतून मोठ्या तुळयांचे टेकू द्यायचे, आणि जिथे अजून झिरपते आहे तिथे लाकडी पेटी करून तीत सिमेंट ओतायचे. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत अवघड काम पाणबुड्याचे आहे, कारण गढूळ पाण्यात त्याला दिसत काहीच नाही आणि संपूर्ण माप हाताने चाचपून घ्यावे लागते.

मुलांना सांगण्यासाठी एक सुचवतो. आपल्या विदर्भात पेरणीच्या आधी घिसाडी गाडीवर संसार घालून गावात येत असत. भाता आणि ऐरण त्यांच्यासोबतच असे, आणि शेतकऱ्याचा फाळ शेवटून, वखराची पास धार लावून ते पुढच्या गावी जात. शेतकऱ्याला मोसमात तालुक्याला जायला सवड नसते, म्हणून लोहारशाळाच त्याच्या बांधापर्यंत येते. व्हेस्टल ही समुद्रावरची तशी लोहारशाळा होती, फरक एवढाच की तिच्या पोटात भट्टीसोबत ओतशाळा, लेथ, वीजमोटारी गुंडाळण्याची शाळा आणि दुर्बिणी व नेमयंत्रे दुरुस्त करणारे बारीक हाताचे कारागीर होते. ९६३ कामांत भगदाडे थोडी आणि पंप, झडपा, मोटारी, नळ्या अशी कामे पुष्कळ असणार. शेडमध्ये राहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद — अजनीचा निवृत्त फिटर

दोघांचाही मनापासून आभारी आहे. साठ दिवसांत ९६३ म्हणजे रोजची सोळा कामे होतात. आमच्या शेडमध्ये एका पाळीत किती जॉबकार्डे बंद होत ते मला आठवते, आणि तिथे तर जमीन हलत नव्हती, डोक्यावर विमाने नव्हती, सुटे भाग भांडारातून येत होते.

आणखी एक विचारतो. ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका दुरुस्ती चालू असतानाच लढाईला निघाली आणि कारागीर तिच्यावरच राहिले, असे मी एका ठिकाणी वाचले. चालत्या गाडीत इंजिन उघडून बसावे तसे हे झाले. यात व्हेस्टलचा संबंध आहे का?

उत्तर ३ — धंतोलीचा वाचक

होय काका, संबंध आहे आणि तो थेट आहे.

२६ ऑक्टोबर १९४२ रोजी सांताक्रूझ बेटांजवळ झालेल्या लढाईत ‘हॉर्नेट’ ही विमानवाहू नौका बुडाली आणि एंटरप्राइझला बॉम्ब लागले. सॅराटोगा आधीच दुरुस्तीसाठी गेलेली असल्यामुळे, त्या क्षणी संपूर्ण पॅसिफिकमध्ये अमेरिकेजवळ लढण्याजोगी विमानवाहू नौका एकच उरली, आणि तीही जखमी. ती न्यू कॅलेडोनियातील नूमेआ बंदरात आली. ३१ ऑक्टोबरला व्हेस्टलही तिथे पोहोचली. व्हेस्टलचे कारागीर, सीबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नौदलाच्या बांधकाम तुकडीची माणसे आणि एंटरप्राइझचे स्वतःचे खलाशी मिळून कामाला लागले. त्याच बंदरात त्याच दिवसांत व्हेस्टलपुढे साउथ डाकोटाही होती, कारण ती सांताक्रूझच्या लढाईनंतर ‘महान’ या विनाशिकेवर आदळली होती. पर्ल हार्बरच्या गोदीतून नीट होऊन आलेली ही युद्धनौका अशी दोन महिन्यांत दुसऱ्यांदा व्हेस्टलच्या हाती आली.

११ नोव्हेंबरला, ग्वादालकनाल बेटावर जपानी ताफा येत असल्याच्या वार्तेमुळे, एंटरप्राइझला काम अपुरे असतानाच निघावे लागले. वेल्डिंग आणि ठोकाठोक वाटेतही चालू राहिली आणि व्हेस्टलची माणसे तिच्यावरच होती. तिची विमाने डेकवरून वर नेणारी पुढची लिफ्ट बॉम्बच्या धक्क्याने बिघडलेली होती. ती वर, डेकच्या पातळीत होती, आणि चाचणीसाठी खाली घेतली व तिथेच अडकली तर डेकला मोठा खड्डा पडून विमाने उडवणेच थांबेल, म्हणून तिला कोणी हात लावला नाही. मला वाटते, दुरुस्ती करणाऱ्या माणसाला हा निर्णय पटकन कळेल: कुठे हात घालायचा नाही हेही त्याला ठरवावे लागते. १३ नोव्हेंबरला तिच्या विमानांनी ‘हिएई’ या जपानी युद्धनौकेवर हल्ले केले, ती त्याच दिवशी बुडाली, आणि १४ तारखेला सैन्य घेऊन येणाऱ्या जपानी जहाजांवर ती विमाने तुटून पडली. त्या रात्री लढलेल्या दोन अमेरिकी युद्धनौकांपैकी एक साउथ डाकोटा होती.

या सगळ्यात एक गोष्ट सांगताना मला जड जाते. कॅसिन यंग यांची तोवर ‘सॅन फ्रान्सिस्को’ या क्रूझरवर बदली झाली होती, आणि १३ नोव्हेंबरच्या पहाटेच्या लढाईत ते त्या क्रूझरवर मारले गेले. ज्या जहाजाला त्यांनी अकरा महिन्यांपूर्वी चिखलात टेकवून वाचवले, त्याच्या कारागिरांनी उभी केलेली एंटरप्राइझ त्याच दिवशी त्याच समुद्रात लढत होती. त्यांच्या नावाची विनाशिका आज बोस्टनच्या जुन्या नौदल गोदीत जतन केलेली आहे, म्हणजे जिथे व्हेस्टलची दुरुस्तीनौका झाली, त्याच गोदीत.

पुढचे थोडक्यात लिहितो. नूमेआहून व्हेस्टल एस्पिरितू सांतो बेटावर गेली आणि तिथल्या वर्षभरात २७९ जहाजे व किनाऱ्यावरील २४ ठाणी यांची ५,६०३ कामे तिने केली. मागच्या भागात टॉर्पेडो लागून मोडकळीला आलेली ‘पेन्साकोला’ ही क्रूझर आणि ऑस्ट्रेलियाची ‘होबार्ट’ ही त्यांतली मोठी कामे. नोव्हेंबर १९४३ मध्ये ती फुनाफुटीला निघाली, लढाई जसजशी पश्चिमेला सरकली तशी तीही माजुरो, युलिथी अशा प्रवाळबेटांवरून सरकत गेली, आणि मे १९४५ मध्ये ओकिनावाजवळच्या केरामा रेट्टो येथे आत्मघातकी विमानांनी जायबंदी केलेली जहाजे नीट करत होती. १९४६ मध्ये ती सेवेतून काढली गेली आणि १९५० मध्ये भंगारात गेली.

उत्तर ४ — काटोल रोडची शिक्षिका

इतिहासाची शिक्षिका म्हणून दोन गोष्टी जोडते.

एक दुरुस्ती आहे. वर ‘जहाज सोडण्याचा हुकूम सुटला’ असे लिहिले आहे, त्यावरून तो यंग यांनीच दिला आणि मग मागे घेतला, असा मुलांचा समज होऊ शकतो. यंग त्या वेळी पाण्यात होते. हुकूम त्यांच्या माघारी दिला गेला होता. भाषणात हे स्पष्ट करावे, अन्यथा त्यांच्यावर अन्याय होईल.

दुसरी गोष्ट जपानकडची आहे. जपानने १९३९ मध्ये ‘आकाशी’ नावाची दुरुस्तीनौका सेवेत आणली. ती कुठल्याही जुन्या जहाजात बदल करून केलेली नव्हती. पहिल्यापासून याच कामासाठी बांधलेली होती आणि जर्मनीहून आणलेली उत्तम यंत्रे तिच्यावर होती. एकेका जहाजाची तुलना केली तर आकाशी व्हेस्टलपेक्षा सरस ठरावी. परंतु त्या तोडीचे दुसरे जहाज जपानजवळ नव्हते. फेब्रुवारी १९४४ मध्ये ट्रूक या जपानी तळावरील हल्ल्यात तिला इजा झाली, तिथून ती पलाऊला गेली आणि ३० मार्च १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी तिला तिथे बुडवले. त्यानंतर पुढच्या तळांवर मोडलेल्या जपानी जहाजांना जपानपर्यंत किंवा सिंगापूरपर्यंत नेण्यावाचून फारसा इलाज राहिला नाही, आणि त्या वाटेवर अमेरिकी पाणबुड्या टपलेल्या असत. अमेरिकेजवळ व्हेस्टल, तिच्यासारखीच कोळशाच्या जहाजापासून घडवलेली ‘प्रोमिथियस’, ‘मेडुसा’ आणि नवी ‘व्हल्कन’ व तिच्या भगिनी अशी रांगच होती. शिवाय १९४३ मध्ये एस्पिरितू सांतो येथे तुकड्यातुकड्यांनी ओढून आणून जोडलेली प्रचंड तरंगती गोदी उभी राहिली. म्हणून दुरुस्तीनौकेचे महत्त्व मुलांना सांगताना मी आकाशीचे उदाहरण आधी घेईन, कारण ती गेल्यावर काय झाले हे पाहिले की व्हेस्टलच्या ५,६०३ कामांची किंमत आपोआप कळते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद — अजनीचा निवृत्त फिटर

ताई, दुरुस्ती लिहून घेतली. आकाशीबद्दल मला काहीच माहीत नव्हते. आता भाषणाची सुरुवात तिच्यापासूनच करतो, आणि घिसाड्यांचे उदाहरण ठेवतो.

शेवटची एक लहान विचारणा. माझी नात सातवीत आहे आणि ती फलकासाठी चित्र काढते आहे. ॲरिझोना आणि व्हेस्टल शेजारी कशा दाखवायच्या?

उत्तर ५ — धंतोलीचा वाचक

ॲरिझोना बंदरातील फोर्ड बेटाच्या बाजूला, आणि तिच्या डाव्या कुशीला, खुल्या पाण्याच्या बाजूने व्हेस्टल, असे दाखवावे. लांबीचे प्रमाण मात्र तिला जपायला सांगा: ॲरिझोना ६०८ फूट आणि व्हेस्टल सुमारे ४६६ फूट. फलकावर जागा असेल तर दोन्ही जहाजांच्या मध्ये एक दोर काढायला सांगा. व्हेस्टलचे दोर तोडले जात असतानाच जोसेफ जॉर्ज नावाच्या तिच्या खलाशाने ॲरिझोनाच्या जळत्या मनोऱ्याकडे एक दोर फेकला, आणि होरपळलेल्या हातांनी तो धरून सहा माणसे खालच्या पेटलेल्या तेलावरून व्हेस्टलवर आली. जॉर्ज यांना त्याबद्दलचे पदक २०१७ मध्ये, मरणोत्तर मिळाले. त्या सहांपैकी दोघे तेव्हा हयात होते.